‘एस’ का खोडला, ते सांगते

अगं, आधी राग गिळ. तुझ्या मॅडमनी मसुद्यातल्या ‘साइन्स’चा शेवटचा ‘एस’ खोडला म्हणून रात्री अकराला मला फोटो पाठवलास, खाली नुसती प्रश्नचिन्हं. ‘ही, शी, इट आलं की क्रियापदाला एस’ हे शाळेत आपल्याकडून घोटून घेतलंय, कबूल. तरी ‘द बोर्ड रेकमेंड्स दॅट द डायरेक्टर साइन द ॲग्रीमेंट’ हेच बरोबर आहे. याला सब्जंक्टिव्ह म्हणतात. नावाला घाबरू नकोस, मराठीत तू हे रोज करतेस.

‘डायरेक्टर सही करतात’ आणि ‘डायरेक्टरांनी सही करावी’ यातला फरक तुला समजावून सांगावा लागत नाही. पहिलं घडतंय, दुसरं घडावं असं कुणाला तरी वाटतंय. रजेच्या अर्जात आपण ‘रजा मंजूर व्हावी ही विनंती’ असं लिहितो, ‘मंजूर होते ही विनंती’ असं नाही. शाळेत याला विध्यर्थ म्हणायचे, आठवतं? इंग्रजीकडेही पूर्वी अशा अर्थाचे वेगळे प्रत्यय होते. शतकानुशतकं झिजत झिजत आता मोजक्या खुणा उरल्यात: ‘एस’ गायब, ‘इज’च्या जागी नुसतं ‘बी’, आणि ‘वॉज’च्या जागी ‘वेअर’. कुणी शिंकलं की आपण ‘गॉड ब्लेस यू’ म्हणतो, ‘ब्लेसेस’ नाही. तिथेही हाच सब्जंक्टिव्ह दडून बसलाय.

तुझ्या कामात तो कुठे लागेल? डिमांड, इन्सिस्ट, रेकमेंड, प्रपोज, सजेस्ट, रिक्वेस्ट यांच्यापुढे ‘दॅट’ आलं आणि काही व्हावं असं म्हणायचं असलं, की क्रियापद कोरं ठेवायचं. ‘इट इज इसेन्शियल दॅट’नंतरही तसंच. आधीचं क्रियापद भूतकाळी असलं तरी पुढचं हलत नाही: ‘द बोर्ड रेकमेंडेड दॅट ही साइन’. नकार असेल तर ‘डज’ला बोलवायचं नाही, सरळ ‘दॅट द नेम नॉट बी डिस्क्लोज्ड’.

पण हे शब्द दिसले की एस खोडत सुटू नकोस. ‘शी इन्सिस्ट्स दॅट ही इज ऑनेस्ट’ म्हणजे तो प्रामाणिक आहे असं ती ठामपणे सांगते. ‘शी इन्सिस्ट्स दॅट ही बी ऑनेस्ट’ म्हणजे त्याने प्रामाणिक राहावं असा तिचा हट्ट. पहिल्या वाक्यात त्याची बाजू घेतलीय, दुसऱ्यात त्याला तंबी दिलीय. तेव्हा लिहिण्याआधी स्वतःला एवढंच विचार: मी आहे ते सांगतेय, की व्हावं ते? हे ठरलं की रूप आपोआप सुचतं.

तुमच्या ठरावांमध्ये तर दोन्ही शेजारी शेजारी बसलेत. ‘रिझॉल्व्ड दॅट द सेक्रेटरी बी अँड इज हिअरबाय ऑथराइज्ड’ हे तू डोळे झाकून टाइप करतेस ना? त्यातलं ‘बी’ म्हणजे अधिकार दिला जावा ही सभेची इच्छा. ‘इज हिअरबाय’ म्हणजे हा घे, याच क्षणी दिला. एकाच दमात इच्छाही आणि कृतीही. यापुढे ते वाक्य नुसतं कॉपी-पेस्ट करू नकोस, एकदा वाचून बघ.

लंडनच्या ऑफिसातून ‘दॅट ही शुड साइन’ असं आलं तर तेही चूक समजू नकोस. फाउलर या इंग्रज कोशकाराने १९२६ साली आपल्या प्रसिद्ध वापरकोशात, काही ठरावीक जागा सोडल्या तर सब्जंक्टिव्ह मरणपंथाला लागलाय, असं लिहून टाकलं होतं. पण अमेरिकेत ‘दॅट ही साइन’ची पद्धत भक्कम राहिली आणि तिथून ती ब्रिटनमध्येही पुन्हा पसरली. १९६१ साली छापलेल्या अमेरिकन आणि ब्रिटिश मजकुरांचे प्रत्येकी दहा लाख शब्दांचे दोन संग्रह अभ्यासकांनी ताडून पाहिले, तेव्हा अमेरिकन बाजूला कोरं क्रियापद जास्त होतं आणि ब्रिटिश बाजूला ‘शुड’. दोन्ही चालतं. फक्त एका मसुद्यात एकच ठेव.

आता ‘वेअर’. जे नाही ते कल्पायचं असलं की ‘इफ आय वेअर द चेअरपर्सन’. तू चेअरपर्सन नाहीस, निदान अजून तरी. मात्र प्रत्येक ‘इफ’ला ‘वेअर’ चिकटवणं हा शहाण्या लोकांचा आजार आहे. ‘इफ आय वॉज रूड यस्टरडे, आय ॲम सॉरी’ यात काल तू फटकन बोलली असशीलही. ती कल्पना नव्हे, शक्यता आहे, म्हणून ‘वॉज’. ‘तो येतोय का, असं विचारलं’ या अर्थाच्या ‘इफ’लाही ‘वेअर’ लावायचं नाही.

इथे मराठी आपल्याला पाडते, तेही सांगून ठेवते. ‘मला माहीत असतं तर मी आले असते’ यात दोन्हीकडे ‘असतं-असते’. म्हणून आपल्या हातून इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ उतरतं. इंग्रजीत ते एकाच बाजूला: ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम’. दुसरा खड्डा ‘आय सजेस्ट यू टू टेक’. ‘रिक्वेस्ट यू टू’ चालतं म्हणून ‘सजेस्ट’लाही तेच लावायचं, असं होतं. तिथे ‘सजेस्ट दॅट यू टेक’.

आणि सगळीकडे हे मिरवायची गरज नाही, बरं का. ठराव, अर्ज, नोटीस, अहवाल यांत सब्जंक्टिव्ह शोभतो. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला ‘आय रिक्वेस्ट दॅट द फाइल बी सेंट’ असं मेल केलंस तर आपलं काय चुकलं, या विचारात बिचारा दुपारचा डबा खाणार नाही. त्याला ‘प्लीज फाइल पाठव’ पुरतं. बोलताना ‘इफ आय वॉज यू’ तर भलेभले इंग्रज म्हणतात. तुला कुणी तसं म्हणून सल्ला द्यायला लागलं, तर मध्येच थांबवून ‘वेअर’ शिकवू नकोस. सल्ला कामाचा आहे का, तेवढं बघ.