जलप्रलयाच्या दोन कथा

पाण्याला आपण जीवन म्हणतो; परंतु तेच पाणी मर्यादा सोडून चालून आले, म्हणजे मनुष्याची सारी करणी क्षणात वाहून जाते. या भयाची स्मृती जगातील अनेक समाजांनी कथारूपाने जतन केली आहे.

ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथात, जुन्या करारातील ‘उत्पत्ती’ या पहिल्याच पुस्तकात, नोहाची कथा येते. पृथ्वी दुराचाराने भरून गेली, तेव्हा ईश्वराने जलप्रलय आणण्याचे ठरविले. नोहा तेवढा त्याला नीतिमान आढळला. ईश्वराच्या आज्ञेवरून नोहाने 300 हात लांब, 50 हात रुंद व 30 हात उंच असे तारू बांधिले आणि आपले कुटुंब व सर्व जातींचे प्राणी त्यात घेतले. 40 दिवस व 40 रात्री पाऊस कोसळला, पर्वतही बुडाले. पुढे पाणी ओसरू लागले व तारू अरारातच्या डोंगरांवर टेकले. नोहाने सोडलेले कबुतर चोचीत जैतुनाचे पान घेऊन परतले, तेव्हा भूमी उघडी पडत असल्याचे त्याला समजले. असा प्रलय पुन्हा आणणार नाही, या वचनाची खूण म्हणून ईश्वराने मेघांत धनुष्य ठेविले.

दुसरी कथा दक्षिण ऑस्ट्रेलियात, मरे नदीच्या मुखाच्या परिसरात राहणाऱ्या नॅरिंजेरी या आदिवासी लोकांची आहे. नुरुंदेरी हा त्यांचा थोर पूर्वज. स्त्रियांना निषिद्ध असलेले मासे खाऊन त्याच्या दोन बायका पळाल्या. त्या काळी कांगारू बेटावर पायी जाता येत असे. त्या वाटेवर असतानाच नुरुंदेरीने समुद्रास उसळण्याची आज्ञा केली. दोघीही बुडाल्या आणि त्यांचे खडक झाले. ‘पेजेस’ नावाची ती लहान बेटे त्या सामुद्रधुनीत आजही उभी आहेत.

दोन्ही कथांत नियमभंगानंतरच पाणी चढते. परंतु नोहाच्या कथेत ते ओसरते व मनुष्यास नवा आरंभ लाभतो; नॅरिंजेरींच्या कथेत ते कधीच ओसरत नाही. पहिली कथा आशा देते; दुसरी आपल्या भूमीचे आजचे रूप कसे घडले, ते सांगते.

आणि या सांगण्यात तथ्य आहे. हिमयुग सरल्यावर बर्फ वितळून समुद्र चढला आणि सुमारे 10,000 वर्षांपूर्वी कांगारू बेट मुख्य भूमीपासून तुटले. पॅट्रिक नन व निकोलस रीड या अभ्यासकांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील 21 ठिकाणच्या अशा कथा तपासल्या. त्यांत 7,000 वर्षांहून जुन्या घटनांची स्मृती असावी, असा निष्कर्ष त्यांनी 2016 साली मांडला.

1788 मध्ये इंग्रजांनी तेथे वसाहत केली. पुढे ती भूमी कोणाच्याही मालकीची नव्हती, असे कायद्याने मानले गेले. ही कल्पना तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये नाकारली. ज्यांना स्वतःच्या भूमीचे धनीही मानले नाही, त्या लोकांनी बुडालेल्या वाटेची आठवण पिढ्यान्‌पिढ्या मुखाने जपली होती. ज्यांच्यापाशी लिपी नव्हती, त्यांच्यापाशी इतिहासही नव्हता, असे म्हणण्यापूर्वी मनुष्याने त्यांच्या कथा ऐकाव्यात.

स्वाध्याय
1. भूमी उघडी पडत असल्याचे नोहाने कशावरून ओळखले?
2. दोन्ही कथांतील एक साम्य व एक भेद सांगा.
3. तुमच्या गावातील नदी, तळे किंवा डोंगर यांविषयीची एखादी कथा वडीलधाऱ्यांकडून ऐकून लिहा.