मर्यादित घरांतील संख्या

माहिती तंत्रज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमात पहिल्या सत्राच्या आरंभी जे धडे शिकविले जातात त्यांत संख्यापद्धतींचा धडा हटकून असतो. दशमान संख्या द्विमान पद्धतीत कशी लिहावी, द्विमान संख्यांची बेरीज-वजाबाकी कशी करावी, ऋण संख्या कशी दर्शवावी, अशी उदाहरणे विद्यार्थी वहीत सोडवितो, परीक्षेत त्यांवर खात्रीचे गुण मिळवितो आणि पुढच्या सत्रात ती विसरून जातो. तेरा ही संख्या ११०१ अशी लिहिता आली म्हणजे विषय संपला, असा समज त्यामुळे दृढ होतो. वास्तविक लेखनाची रीत बदलणे हा या धड्याचा सर्वांत गौण भाग होय. गणितज्ञाची संख्या आणि यंत्रातील संख्या या दोन भिन्न वस्तू आहेत, हे त्यातील मुख्य सूत्र आहे. ते हातून निसटले तर काय घडू शकते याची उदाहरणे गेल्या काही दशकांच्या इतिहासात नोंदली गेली आहेत.

यंत्राच्या स्मृतीतील सर्वांत लहान घराला बिट म्हणतात. त्या घरात दोनच अवस्था संभवतात. त्यांना ० आणि १ म्हणावे, चालू आणि बंद म्हणावे, किंवा लघू आणि गुरू म्हणावे. नावाने फरक पडत नाही. ज्याने शाळेत वृत्तांचे गण पाठ केले आहेत त्याला हा हिशेब अपरिचित नाही. तीन अक्षरे आणि प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू, म्हणून गण आठच होतात: य, म, त, र, ज, भ, न आणि स. नववा गण शोधून सापडत नाही, कारण तीन जागांत तो मावतच नाही. जागा चार केल्या तर सोळा प्रकार होतील, आठ केल्या तर २५६. पिंगलाच्या छंदःशास्त्रात तर अमुक क्रमांकाचा प्रकार कोणता हे ओळखण्याची कृतीही दिलेली आहे. क्रमांक सम असेल तर लघू लिहून त्याचे अर्धे करावे, विषम असेल तर गुरू लिहून त्यात एक मिळवावा आणि मग अर्धे करावे. आजचा विद्यार्थी दोनने भागून बाकी लिहितो ती रीत हिची जवळची नातलग आहे. एवढ्यावरून संगणकाचा शोध भारतात लागला असे म्हणणारे उत्साही लोक आढळतात. पिंगलाचा हेतू वृत्तांचे प्रकार मोजण्याचा होता, त्या चिन्हांनी अंकगणित करण्याचा नव्हता. त्याच्या कृतीची थोरवी मान्य करण्यास असल्या दाव्याची गरज नाही. द्विमान अंकगणिताचे व्यवस्थित विवेचन लाइब्निट्सने १७०३ साली प्रसिद्ध केले. विद्युत्-मंडलातील चालू-बंद कळांना तर्कशास्त्राचे बीजगणित लागू पडते हे क्लॉड शॅननने १९३७ सालच्या आपल्या प्रबंधात दाखविले आणि मग या पद्धतीला यंत्रात स्थान मिळाले.

यंत्र द्विमानच असले पाहिजे असे मात्र नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला आणि १९६० साली कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक द्विमान शब्दांवर चाले. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या मापाने सांगायचे तर ही स्मृती जेमतेम १० हजार बाइटांची होती. याउलट ऑगस्ट १९६३ मध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आलेले आय.बी.एम. १६२० हे यंत्र दशमान अंक साठवी आणि बेरीज करताना स्मृतीत ठेवलेले बेरजेचे कोष्टक पाही, जसे लहान मूल पाढ्याकडे पाहते. दोन्ही यंत्रांवर भारतातील आरंभीचे प्रोग्रामर घडले. पुढे द्विमान पद्धतीच सर्वत्र रूढ झाली, कारण दोनच अवस्था ओळखणारे मंडल स्वस्त, वेगवान आणि भरवशाचे असते.

आता घरांच्या संख्येकडे वळावे. पूर्णांकासाठी १६ घरे राखून ठेवली आणि ऋण संख्यांचीही सोय केली तर −३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतच्या संख्या त्यांत मावतात. ३२,७६७ मध्ये एक मिळविला तर कागदावर ३२,७६८ होतात. या घरांत पुष्कळदा −३२,७६८ होतात. मोटारीच्या अंतरमापकावर ९९९९९ नंतर शून्ये यावीत तसाच हा प्रकार आहे. यंत्र येथे चूक करीत नाही. दिलेल्या घरांत जे लिहिता येईल ते ते लिहिते.

४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील कुरू येथून युरोपचे आरियान-५ हे अग्निबाण पहिल्यांदाच झेपावले आणि सुमारे ३७ सेकंदांनी मार्ग सोडून नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील कार्यक्रमाचा एक भाग आरियान-४ वरून जसाच्या तसा घेतलेला होता. आडव्या वेगाशी संबंधित एक राशी ६४ बिटांच्या रूपातून १६ बिटांच्या पूर्णांकात तो उतरवीत असे. जुन्या अग्निबाणाच्या उड्डाणात ही राशी कधीच मर्यादेबाहेर जात नव्हती. नव्याचा आडवा वेग पुष्कळ लवकर वाढत गेला आणि ती १६ घरांत मावेनाशी झाली. यंत्रणेने दोष नोंदविला व ती बंद पडली. राखीव यंत्रणाही बंद पडली, कारण तिच्यातही तोच कार्यक्रम होता. खेदाची बाब अशी की, अग्निबाण जमीन सोडल्यानंतर त्या गणिताचा काही उपयोगच उरलेला नव्हता.

अशी आणखी एक मर्यादा पुढे दिसत आहे. युनिक्स परंपरेतील यंत्रे १ जानेवारी १९७० पासून लोटलेले सेकंद मोजून काळ ठरवितात. हा आकडा ३२ बिटांत ठेवला असेल तर तो २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जातो. भारतीय प्रमाणवेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ही सीमा गाठली जाईल, आणि पुढच्याच सेकंदाला अशा यंत्रास १९०१ सालचा डिसेंबर दिसू लागेल. नव्या प्रणालींत ६४ बिटांचा वापर करून ही अडचण दूर केलेली आहे. प्रश्न आहे तो जुन्या उपकरणांच्या पोटात बसविलेल्या कार्यक्रमांचा.

पूर्णांकांची अडचण निदान लक्षात येते, कारण उत्तर उघडउघड विपरीत निघते. अपूर्णांकांची अडचण अधिक सूक्ष्म आहे, आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात ती नीट समजावून सांगितली जातेच असे नाही.

जुन्या पिढीतील मराठी मुले पावकी, निमकी, पाऊणकी असे पाढे म्हणत. त्या पाढ्यांतील अपूर्णांक द्विमान पद्धतीला अत्यंत अनुकूल आहेत. अर्धा म्हणजे ०.१, पाव म्हणजे ०.०१, पाऊण म्हणजे ०.११, कोठे काही उरत नाही. जुना रुपयाही याच घडणीचा होता. १६ आणे किंवा ६४ पैसे ही वाटणी म्हणजे अर्ध्याचे अर्धे, त्याचे पुन्हा अर्धे अशीच केलेली. आणे-पैशांतील कोणतीही रक्कम रुपयाचा अपूर्णांक म्हणून द्विमान घरांत बिनचूक मावली असती. पै मात्र मावली नसती, कारण पैशाच्या तीन पै होत, आणि दोनने कितीही वेळा भागले तरी तिसरा हिस्सा हाती लागत नाही.

दशमान वाटणीचे तसेच आहे. एक दशांश, म्हणजे ०.१, द्विमानात लिहावयाचा असेल तर त्याची पुनःपुन्हा दुप्पट करावी आणि बिंदूच्या डावीकडे येणारा अंक उतरवून घ्यावा. ०.२, ०.४ आणि ०.८ यांपासून तीन शून्ये मिळतात. मग १.६ येतात तेव्हा एक मिळतो. उरलेल्या ०.६ ची दुप्पट १.२, म्हणून आणखी एक. आता उरले ०.२, आणि ती राशी पूर्वी येऊन गेलेली आहे. येथून पुढे तेच चक्र फिरत राहते: ०.०००११००११००११..., अंत नसलेले. दशमानात एक तृतीयांश लिहिताना ०.३३३ चे शेपूट जसे संपत नाही, तसे द्विमानात एक दशांशाचे संपत नाही. घरे मर्यादित असल्यामुळे कोठेतरी ते तोडावे लागते, आणि तोडलेला तुकडा कायमचा गळतो.

गळलेल्या तुकड्यांचा हिशेब भारतीय जनतेने एकदा स्वतःच्या खिशातून अनुभवला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. पण सव्वासहा पैशांचे नाणे नव्हते, म्हणून एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ नवे पैसे असे कोष्टक ठरले. चार आणे एकदम चुकते करणाऱ्याला २५ नवे पैसे पडत, तर एकेक आणा चार वेळा देणाऱ्याला २४. प्रत्येक वेळी गळणारा तुकडा पाव नव्या पैशाचा, चार वेळा मिळून एक नवा पैसा. चूक लहान असणे पुरेसे नाही, ती किती वेळा घडते यावर सर्व अवलंबून असते.

२५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातील धहरान येथे हाच प्रश्न जीविताचा झाला. तेथील अमेरिकी सैन्याच्या रक्षणासाठी पेट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसविलेली होती. तिचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजी. मोजलेला आकडा पूर्णांक असे व तो बिनचूक असे. त्याचे सेकंद करण्यासाठी मात्र त्याला ०.१ ने गुणावे लागे, आणि हा ०.१ चोवीस बिटांत तोडून ठेवलेला होता. प्रत्येक दशांशामागे सेकंदाचे सुमारे ०.०००००००९५ एवढे गळत. यंत्रणा सुरू करून तास-दोन तास झाले असतील तर या गळतीची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु धहरानची ती तुकडी सलग १०० तासांहून अधिक काळ चालू होती. शंभर तासांचे ३६ लाख दशांश होतात, त्यांना ०.०००००००९५ ने गुणले असता सुमारे ०.३४ सेकंद येतात. सेकंदाला सुमारे १,६७६ मीटर वेगाने येणारे स्कड क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. त्या स्कडला रडारने प्रथम टिपले होते. पुढच्या क्षणी ते आकाशात कोठे असेल याचा अंदाज करून यंत्रणेने तेथे पाहिले, आणि तेथे काहीच नव्हते. स्कड सैनिकांच्या निवासावर कोसळले. २८ सैनिक ठार झाले.

ही चूक कोणाच्याच ध्यानात आली नव्हती असेही नाही. यंत्रणा आठ तास चालली की तिची नजर ढळू लागते, असे इस्रायलकडून आलेल्या माहितीवरून दोन आठवड्यांपूर्वीच कळले होते. फार वेळ सलग चालवू नये, अशी सूचनाही दिली गेली होती. ‘फार वेळ’ म्हणजे किती, हे मात्र तीत सांगितलेले नव्हते. सुधारलेला कार्यक्रम धहरानला २६ फेब्रुवारी रोजी, म्हणजे दुसऱ्या दिवशी पोहोचला. नंतरच्या विश्लेषणातून पुढे आलेली एक गोष्ट अधिक बोधक आहे. कार्यक्रमात काळ मोजण्याची अधिक अचूक रीत आधीच घालण्यात आली होती, पण ती सर्व ठिकाणी घातली गेली नव्हती. दोन क्षणांतील अंतर काढताना दोन्ही क्षण सारखेच चुकले असते तर वजाबाकीत चूक जवळजवळ नाहीशी झाली असती. एक क्षण शुद्ध आणि दुसरा अशुद्ध राहिल्याने ती पूर्णपणे उघडी पडली. अर्धवट दुरुस्ती कधीकधी मूळ दोषाहून घातक ठरते ती अशी.

आजच्या यंत्रांत अपूर्णांक बहुधा ‘फ्लोटिंग पॉइंट’, म्हणजे सरकत्या बिंदूच्या पद्धतीने ठेवतात. १९८५ साली तिचे प्रमाण निश्चित झाले, आणि त्यामागे परिश्रम घेणारे विल्यम काहान यांना १९८९ सालचे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. तिच्यातील ६४ घरांपैकी एक चिन्हासाठी, ११ बिंदूचे स्थान सांगण्यासाठी आणि ५२ प्रत्यक्ष अंकांसाठी असतात. त्यायोगे सुमारे पंधरा-सोळा दशमान अंकांपर्यंत अचूकता मिळते. बहुतेक शास्त्रीय गणितांना ती पुरते. पैशाच्या व्यवहाराला हीच पद्धत लावणे मात्र अविचाराचे होय. १ पैशापासून ९९ पैशांपर्यंतच्या ९९ रकमांपैकी २५, ५० आणि ७५ पैसे या तीनच रकमा रुपयाचा अपूर्णांक म्हणून द्विमान घरांत बिनचूक बसतात. आणि योगायोग असा की त्यांतले २५ पैशांचे नाणेच २०११ च्या जूनअखेर चलनातून बाद झाले. म्हणून हिशेबाचे कार्यक्रम लिहिताना रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी, अथवा दशमान अंकच साठविणारी रीत वापरावी.

हे सर्व प्रयोगशाळेत दाखविण्यास अर्धा तास पुरतो. विद्यार्थ्याला शून्यापासून आरंभ करून ०.१ दहा वेळा मिळविण्यास सांगावे, आणि बेरीज १ झाली की थांबावे अशी अट घालण्यास सांगावे. कार्यक्रम थांबत नाही. प्रत्येक पायरीची बेरीज छापून पाहिली की दहाव्या ओळीवर ०.९९९९९९९९९९९९९९९९ दिसते आणि पुढची ओळ १ च्या पलीकडे गेलेली असते. मग त्याच कार्यक्रमात ०.१ च्या जागी ०.१२५, म्हणजे जुने दोन आणे, घालण्यास सांगावे. आठव्या ओळीवर नेमका १ येतो आणि कार्यक्रम थांबतो.