सही करण्याआधीची वर्षं

आई-बाबांनो, लेकरू विष्णुपुरीच्या कॉलेजातून सिव्हिलचं बी.टेक. करून भोकरला परतलं की आठ दिवसांत घरात एकच विषय, आता पुढं काय? पाहुणे तर सरळ पगारच विचारतात. तुमची घाई मला कळते. कर्ज काढून, कुणी वावर गहाण ठेवून शिकवलंय. तरी एक सांगतो, पदवी म्हणजे परवाना नव्हे.

आर्किटेक्टसाठी १९७२ चा केंद्रीय कायदा आहे. इंजिनिअरसाठी देशात तसा कायदा अजून नाही. बांधकामाच्या कागदांवर सही करायचा परवाना स्थानिक प्राधिकरण देतं, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर व्हायचं तर पदवीनंतर साधारण तीन वर्षांचा डिझाइनचा आणि साइटचा अनुभव मागतात. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० ची संस्था चार्टर्ड इंजिनिअर म्हणून मान्यता देते. परदेशातही चालणाऱ्या 'इंटरनॅशनल प्रोफेशनल इंजिनिअर' या नोंदणीला तर पदवीनंतर सात वर्षं लागतात, त्यातली दोन मोठ्या कामाची जबाबदारी पेललेली.

ही वर्षं वाया जात नाहीत हो. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बांधतात त्या रिंगेचंच बघा. तिची टोकं १३५ अंशांत वळवून आत, काँक्रीटच्या गाभ्यात रुतवायची असतात. नुसती काटकोनात मुडपली, तर भूकंपात वरचं काँक्रीट निखळताच रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. पुस्तकात हे एका आकृतीत संपतं. साइटवर मात्र स्लॅबची घाई असते, गुत्तेदार डोक्यावर उभा असतो, आणि वयानं मोठ्या मिस्त्रीला 'हे सोडा, परत बांधा' म्हणायचं असतं. ती हिंमत चांगल्या सिनियरच्या हाताखालीच येते.

३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट आपल्या मराठवाड्याला सांगायला नको. किल्लारीत माणसं दगडमातीच्या भिंतींखाली आणि जड माळवदांखाली गेली. आता आपण सिमेंटचे स्लॅब टाकतो आणि निर्धास्त झोपतो. त्या निर्धास्तपणाची जबाबदारी सही करणाऱ्यावर असते. म्हणून उद्या पोराला परवाना मिळाला आणि कुणी 'साइटवर यायची गरज नाही, नुसती सही द्या' म्हणत पैसे पुढं केले, तर नाही म्हणायला तुम्ही त्याच्या पाठीशी उभे राहा. घरातूनच 'कर की, काय जातंय' असं आलं, तर तो एकटा पडतो.

मुलीलाही साइटवर जाऊ द्या. 'उन्हातान्हात कशाला, क्लास घे' म्हणून तिला घरी बसवलं, तर तिच्या नावावर अनुभवच जमा होत नाही, मग परवाना कुठला?

आणि दोघांनाही आजच एक वही करायला लावा. कोणतं काम, कोणत्या तारखेपासून, कुणाच्या हाताखाली, आपण नेमकं काय केलं, सगळं त्यात लिहायचं. अनुभवाचा दाखला काम संपताच मागून घ्यायचा. पाच-सात वर्षांनी अर्ज भरताना साहेब निवृत्त झालेले असतात, कंपनी गाशा गुंडाळून गेलेली असते, आणि केलेल्या कामाचा कागद कुणाकडेच सापडत नाही.