चिखलणीपूर्वी फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या पुढच्या शाफ्टची बदली

रोहिणी आणि मृग या दोन नक्षत्रांच्या सांध्यावर कोकणात, कोल्हापूरच्या पश्चिम पट्ट्यात आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत रोपवाटिकेची घाई सुरू होते, आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या धुऱ्याची तपासणी बहुधा पहिल्या चिखलणीत काहीतरी मोडेपर्यंत लांबणीवर पडते. चिखलणी म्हणजे पाणी साचलेल्या खाचरातील किंवा बांधीतील माती घोटून तिचा असा गाळ करणे की ज्यातून पाणी खाली झिरपणे कमी होते आणि रोप सहज रोवता येते. या कामात चाकाचा हब तासन्‌तास चिखलात बुडालेला राहतो व पुढच्या चाकांवर ओढीचा भार सतत बदलत राहतो. त्यामुळे शाफ्ट बदलण्याचे जे काम कोरड्या मे महिन्यात फरशीवर स्वच्छपणे उरकता येते, तेच जुलैत बांधावर करावे लागल्यास नव्या सुट्या भागाबरोबर चिखलही आत जाण्याची शक्यता फार असते.

पुढचा शाफ्ट, म्हणजे धुऱ्याच्या नळीतून जाणारा पोलादी दांडा, मध्यभागी असलेल्या डिफरेंशियलकडून फिरण्याची शक्ती चाकाकडे नेतो; डिफरेंशियल म्हणजे वळताना आतले व बाहेरचे चाक वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दात्यांची रचना. मध्यम व मोठ्या ट्रॅक्टरांत हा शाफ्ट बहुधा दोन तुकड्यांचा असून चाक जेथे वळते तेथे ते तुकडे दुहेरी क्रॉसने, म्हणजे कोनात वळूनही शक्ती पुढे नेणाऱ्या सांध्याने, जोडलेले असतात. आतल्या टोकाच्या खाचा, ज्यांना स्प्लाइन म्हणतात, डिफरेंशियलच्या गिअरमध्ये बसतात, तर बाहेरचे टोक हबमधील लहान गिअरांच्या संचाला फिरवते. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत चालणाऱ्या जपानी धाटणीच्या अनेक छोट्या ट्रॅक्टरांत मात्र क्रॉसऐवजी तिरक्या दात्यांचे बेव्हल गिअर असतात. तेथे दाते किती खोल बसावेत हे पातळ चकत्यांनी, म्हणजे शिमांनी, ठरवावे लागते. असे काम मोजमापाच्या साधनांशिवाय करणे योग्य नसल्याने ते कार्यशाळेकडेच सोपवावे. पुढील विवेचन क्रॉस असलेल्या धुऱ्याला लागू आहे.

शाफ्ट तुटला आहे की नाही याची खात्री साध्या उपायाने होते. ट्रॅक्टर सपाट, कठीण जागी उभा करून इंजिन बंद करावे, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत, ट्रॅक्टर गिअरमध्ये व फोर-व्हीलचा दांडा जोडलेल्या स्थितीत ठेवावा आणि पुढची दोन्ही चाके उचलून धुरा घोड्यांवर, म्हणजे लोखंडी आधारांवर, टेकवावा. डावे चाक हाताने फिरवले असता उजवे चाक उलट दिशेने फिरल्यास शक्तीचा मार्ग अखंड आहे असे समजावे. एक चाक मोकळे फिरत असेल आणि दुसरे हलतच नसेल, तर त्या दोघांच्या मध्ये कोठेतरी शाफ्ट, स्प्लाइन किंवा क्रॉस गेलेला असतो. साध्या डिफरेंशियलमध्ये एका बाजूचा शाफ्ट तुटला तरी दोन्ही चाकांची ओढ जाते, कारण शक्ती तुटलेल्या बाजूनेच वाया जाते. केवळ वळताना कट-कट आवाज येत असेल तर बहुतेक वेळा क्रॉसच्या बेअरिंग झिजलेल्या असतात, आणि तो आवाज म्हणजे पुढे होणाऱ्या मोडीची आगाऊ सूचना असते.

नवा शाफ्ट विकत घेण्यापूर्वी जुना का तुटला याचा शोध घेणे, हा या कामाचा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग होय. तुटलेल्या तोंडावर गुळगुळीत, एकात एक असणाऱ्या वळ्या आणि एका कडेला थोडाच खरबरीत भाग दिसत असेल, तर तडा बऱ्याच काळापासून हळूहळू वाढत होता. सगळे तोंड एकसारखे खरबरीत व चकचकीत दाण्यांचे असेल, तर एकाच मोठ्या झटक्याने मोड झाली. आणि स्प्लाइन दोरीसारख्या पिळलेल्या असतील, तर शाफ्टने पेलण्यापलीकडचा पीळ सहन केलेला आहे. या पिळाचे मूळ पुष्कळदा चिखलात नसून डांबरी रस्त्यावर असते. फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरची पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतील अशीच योजलेली असतात, आणि हा जादा वेग साधारणपणे 1 ते 5 टक्क्यांच्या दरम्यान असतो. तो 3 टक्के धरला, तर मागची चाके 100 मीटर जाताना पुढची चाके 103 मीटर जाऊ पाहतात. मऊ जमिनीत हा फरक चाक घसरून निघून जातो. डांबरावर मात्र टायर घसरत नाही आणि तोच फरक शाफ्ट व क्रॉसमध्ये पीळ होऊन साठत राहतो. उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या कारखान्यापर्यंत ओढताना फोर-व्हीलचा दांडा जोडलेलाच राहिला असेल, तर हंगामभर साठलेल्या त्या इजेचा हिशेब भातखाचरात चुकता होतो, आणि दोष मात्र खाचराला दिला जातो.

टायरांची जोडीही याच दृष्टीने तपासावी लागते. मागचे टायर झिजलेले असताना पुढे नवे टायर बसवले, हवेचा दाब मनाप्रमाणे ठेवला किंवा वेगळ्या मापाचे टायर लावले, तर वेगाचे ठरलेले प्रमाण बिघडते. मागचे टायर काढून त्या जागी पूर्ण लोखंडी चाके लावल्यासही तेच घडते. प्रमाण मोजण्यासाठी सरळ, टणक मातीच्या जागी मागच्या चाकाचे ठरावीक फेरे होईपर्यंत पुढच्या चाकाचे फेरे एकदा फोर-व्हील जोडून व एकदा सोडून मोजावेत. जोडलेल्या स्थितीतले फेरे सुटलेल्या स्थितीतल्या फेऱ्यांपेक्षा जितके टक्के अधिक, तितका पुढच्या चाकांचा जादा वेग होय. तो उत्पादकाच्या पुस्तिकेतील मर्यादेबाहेर असेल, तर आधी टायर बदलावेत, कारण तसे न करता बसवलेला शाफ्टही त्याच मार्गाने जाईल.

प्रत्यक्ष खोलताना पहिली काळजी जीविताची घ्यावी. पुढचा धुरा मध्यभागी पिनवर झुलता असतो, त्यामुळे एका बाजूने जॅक लावला की तो अनपेक्षितपणे कलतो. म्हणून धुरा व पुढचा सांगाडा यांच्या मधल्या फटीत दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकल्याशिवाय आणि घोडी लावल्याशिवाय कोणीही खाली हात घालू नये. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत. हबचे तेल स्वच्छ भांड्यात काढून फडक्यातून गाळावे: दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरले आहे, आणि फडक्यावर धातूचा चुरा राहिल्यास बेअरिंग व गिअरही पाहावे लागतात. त्यानंतर टाय रॉड सोडवून हबचे झाकण, गिअरसंच व हब क्रमाने उतरवावेत आणि नकल, म्हणजे चाकासह वळणारा जड सांधा, साखळी-पुलीला टांगूनच, तो ज्यांवर वळतो त्या वरच्या व खालच्या किंगपिन काढून शाफ्ट बाहेर घ्यावा. किंगपिनखालच्या शिमा ज्या बाजूच्या त्याच बाजूला बांधून ठेवाव्यात. मोड आतल्या टोकाला झालेली असेल, तर स्प्लाइनचा उरलेला तुकडा डिफरेंशियलमध्ये अडकलेला असतो. तो चुंबकाने निघाला नाही तर डिफरेंशियल उघडणे भाग आहे, कारण तुकडा आत ठेवून जोडणी केल्यास क्राऊन-पिनियनची, म्हणजे डिफरेंशियलला फिरवणाऱ्या मुख्य गिअरजोडीची, हानी होऊन खर्च कित्येक पटींनी वाढतो.

नवा शाफ्ट जुन्याशेजारी ठेवून लांबी, स्प्लाइनची संख्या व क्रॉसचे माप ताडून पाहावे. डिफरेंशियल एका बाजूला सरकवलेले असल्यास डाव्या व उजव्या शाफ्टची लांबी वेगळी असते, आणि दुकानातून उलट बाजूचा शाफ्ट येणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. सील, म्हणजे तेल आत व चिखल बाहेर ठेवणारे रबरी कडे, शाफ्टबरोबर नवेच घालावे. त्याची स्प्रिंग असलेली ओठी तेलाच्या बाजूला ठेवून, ओठीला ग्रीस लावून आणि सीलच्याच मापाच्या कड्यावर हलके ठोकून ते सरळ बसवावे, कारण हातोडीच्या थेट घावाने ते तिरके होते. शाफ्ट आत सरकवताना स्प्लाइनवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळावे व दांडा आडव्या रेषेत उचलून धरावा, नाहीतर त्याच्या वजनानेच नवी ओठी कापली जाते. सील ओलांडल्यावर, स्प्लाइन डिफरेंशियलच्या गिअरमध्ये शिरण्यापूर्वी प्लॅस्टिक काढून घेऊन शाफ्ट हळूहळू फिरवला की स्प्लाइन आपोआप जुळतात. न जुळल्यास तो बाहेर काढून पाहावा, पण ठोकू नये. किंगपिनचा ताण, बोल्टचे घट्टपण व चाकांचा आतील कल पुस्तिकेतील आकड्यांप्रमाणे, टॉर्क पान्याने व मोजपट्टीने ठरवावा.

तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच भरावे आणि हबची पातळी चाक तेथे दाखवलेल्या खुणेवर फिरवून पाहावी. रस्त्यावर न जाता मऊ शेतात थोडे चालवून चाकाचे नट पुन्हा आवळावेत. चिखलणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी हबला गुंडाळलेले गवत, तार व सुतळी काढावी, धुताना पाण्याचा जोरदार फवारा सीलच्या कडेवर धरू नये, आणि पहिल्या खाचरानंतर हबच्या बुचातून थोडे तेल काढून पाहावे. ते दुधाळ दिसल्यास पुढच्या खाचरात उतरण्यापूर्वीच सील पुन्हा बसवून घ्यावे.