अनुभवी गडी कीं नवा गडी ?

अमेरिकेंत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात, तो आपल्या मैदानावरील फुटबॉलहून अगदीं निराळा होय. त्यांत चेंडू हातांत घेऊन धांवतात व फेंकतात. चेंडू फेंकणाऱ्या नायकास क्वार्टरबॅक म्हणतात. त्याच्यापुढें पांच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात : मध्यें सेंटर, त्याच्या दोहों बाजूंस गार्ड व दोहों टोकांस टॅकल. ह्यांच्या नांवानें टाळ्या क्वचितच पडतात. पण ही भिंत ढांसळली कीं नायक चेंडूसह भुईवर लोळलाच!

ही भिंत अनुभवी गड्यांची बांधावी कीं तरुणांची, हा तेथील संघचालकांपुढें नेहमींचा प्रश्न आहे. १९९४ पासून संघाच्या एकूण वेतनास मर्यादा घातलेली आहे. २०२१ सालीं ती १८ कोटी २५ लक्ष डॉलर होती. कसलेला गडी महाग पडतो. महाविद्यालयांतून निवडलेला नवखा स्वस्तांत मिळतो, परंतु त्याची परीक्षा व्हावयाची असते.

कॅन्सस सिटीच्या चीफ्स संघाचें उदाहरण आम्हांस ह्या बाबतींत बोधप्रद वाटतें. फेब्रुवारी २०२१ मध्यें अंतिम सामन्यांत टँपा बे संघानें त्यास ३१-९ असें हरविलें. त्याचे दोन्ही जुने टॅकल, फिशर व श्वार्ट्झ, जायबंदी होते. त्यामुळें नायक पॅट्रिक माहोम्स ह्यास जीव घेऊन पळावें लागलें. पुढल्याच महिन्यांत संघानें त्या दोघांस निरोप दिला, आणि जो थुनी हा मुरलेला गार्ड पांच वर्षांसाठीं ८ कोटी डॉलरांच्या करारानें आणिला. बाल्टिमोरकडून ऑर्लँडो ब्राउन हा टॅकल घेतला. मात्र सेंटरची जागा क्रीड हंफ्री ह्या नवख्यास व एका गार्डची जागा ट्रे स्मिथ ह्यास दिली. स्मिथ निवडींत २२६ वा होता. दोघेही त्या वर्षीं सतराही सामन्यांत आरंभापासून खेळले. फेब्रुवारी २०२३ च्या अंतिम सामन्यांत फिलाडेल्फियास माहोम्स एकदांही पाडतां आला नाहीं, व चीफ्स ३८-३५ असे जिंकले.

परंतु २०२४ सालीं ह्याच संघानें डाव्या टॅकलची जागा किंग्स्ली सुआमाताया ह्या नवख्यास दिली, ती दुसऱ्याच सामन्यांत काढून घ्यावी लागली. अखेर थुनीस आपली जागा सोडून तेथें उभें राहावें लागलें. फेब्रुवारी २०२५ च्या अंतिम सामन्यांत माहोम्स सहा वेळां पाडला गेला व फिलाडेल्फियानें ४०-२२ असा जय मिळविला.

दोन्ही वेळीं विश्वास तरुणांवरच टाकिला. मग फळ निराळें कां? सेंटर व गार्ड ह्यांस दोहों बाजूंस सोबती असतो. टॅकल मात्र टोकास असून अति चपळ प्रतिस्पर्ध्यास बहुधा एकटाच तोंड देतो. पुढें २०२५ मध्यें थुनी शिकागोस गेला, तेव्हां त्याची गार्डची जागा सुआमातायासच मिळाली. संघानें त्यास टाकिलें नाहीं, जागा मात्र बदलिली.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, प्रश्न केवळ वयाचा नव्हे. काम कोणतें, शेजारीं कोण, व शिकावयास अवधि किती, हें पाहून नव्या गड्यावर भार टाकावा; आणि एकदां चुकला म्हणून त्याची आशा सोडूं नये. पालकांसही हें पटेल, अशी आमची खात्री आहे.