पुस्तक मिटा, मग आठवा

गुरुवारची संध्याकाळ, दोहातलं एखादं मराठी घर. शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी शाळेत विज्ञानाची चाचणी. दहावीतली मुलगी विजेचा धडा तिसऱ्यांदा वाचते आहे. पानं हायलायटरने पिवळी झाली आहेत. "झाला का अभ्यास?" तुम्ही विचारता. ती मनापासून "हो" म्हणते.

ती खोटं बोलत नाही. तिसऱ्या वाचनात मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचं ते आपल्याला येतं, असा समज होतो. पण परीक्षेत पुस्तक समोर नसतं. तिथे ओळखायचं नसतं, आठवायचं असतं.

हा फरक किती मोठा आहे, हे रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तिन्ही सत्रांत, उतारा न बघता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : सुमारे ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने मात्र पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१.

म्हणजे आठवणं ही नुसती अभ्यासाची तपासणी नाही, तो स्वतःच अभ्यास आहे. आडवेतिडवे पाढे विचारणारे आपले आजोबा नकळत हेच करत होते!

दुसरी गोष्ट अंतराची. जर्मनीच्या हर्मान एबिंगहाऊसने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ साली तो प्रसिद्ध केला. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. म्हणून एका रात्री तीन तास बसण्यापेक्षा तीन वेगवेगळ्या दिवशी एकेक तास बसलेलं जास्त टिकतं. मधल्या दिवसांत थोडं विसरतं, आठवायला जोर लागतो, आणि तोच जोर उपयोगी पडतो.

आता घरातलं मराठी घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे शिकलेली अक्षरं दोहात परतल्यावर पुसट होतात, ही अनेक पालकांची खंत. दर शुक्रवारी तासभर बाराखडी गिरवून घेण्याऐवजी हे करून पाहा :

शुक्रवारी पाच नवे शब्द शिकवा. रविवारी शाळेतून येताना गाडीत विचारा. बुधवारी कागदावर लिहायला सांगा. पुढच्या शुक्रवारी त्यांत जुने दोन शब्द मिसळा.

दोन पथ्यं पाळा. आधी अर्थ समजू द्या. न समजलेलं आठवून काही साधत नाही. आणि उत्तर चुकलं तर बरोबर उत्तर लगेच दाखवा, नाहीतर चूकच पक्की होऊ शकते. गुण देऊ नका, रागावू नका. अडखळणं हा शिकण्याचाच भाग आहे.

आणि त्या दहावीतल्या मुलीला आज एवढंच सांगा : "पुस्तक मीट, कोरा कागद घे, आठवेल ते लिही." कागद अर्धा कोरा राहिला तर तीही निराश होईल, तुम्हीही. पण काय येत नाही, हे तिला रविवारी वर्गात कळण्यापेक्षा गुरुवारी घरी कळलेलं बरं.