उसाच्या ट्रॉलीसाठी जॅक कोणता घ्यावा?



हंगाम सुरू झाला की फडापासून गव्हाणीपर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. अशा वेळी भरल्या ट्रॉलीचा टायर बसला की सगळ्यांचीच धांदल उडते. तोडलेला ऊस वाळला तर वजन घटते, उतारा घटतो. मग घाईघाईने हाताला येईल तो जॅक लावला जातो. पण जॅक कलंडून एक्सल खाली आला तर बोटे, हात, प्रसंगी माणूसही जातो. म्हणून जॅक घेताना भार, उंची आणि बूड या तीन गोष्टी पाहाव्यात.

भार किती?

समजा, चारचाकी ट्रॉली व ऊस मिळून 8 टन झाले. म्हणजे एका चाकावर सरासरी 2 टन. परंतु ऊस सारखा भरलेला नसतो, रस्ता कललेला असतो, त्यामुळे एखाद्या चाकावर 3 टनही येतात. जॅक नेहमी अशा भाराच्या दुप्पट ताकदीचा असावा. म्हणजे येथे 6 टनांहून कमी नको; 10 टनी घेतला तर उत्तम. जीपचा जॅक ट्रॉलीला लावणे म्हणजे शेळीला नांगराला जुंपण्यासारखे आहे.

जॅकचे प्रकार

स्क्रू जॅक साधा, टिकाऊ; त्यात तेल नाही, गळती नाही. पण भरल्या ट्रॉलीखाली तो फिरवताना घाम निघतो.

बाटली जॅक तेलाच्या दाबावर चालतो. 17 व्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल यांनी सांगितलेले तत्त्व त्यात आहे : कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो. लहान दट्ट्या 1 सेंमी व मोठा 4 सेंमी व्यासाचा असेल, तर जोर 16 पट होतो. दांड्यामुळे आणखी 10 पट. म्हणजे 25 किलोच्या जोराने हिशेबाने 4 टन उचलतात. घर्षणात थोडे कमी होतात. ट्रॉलीसाठी हाच जॅक सोयीचा.

उंच दांड्याचा, दात असलेला जॅक जवळजवळ मीटरभर उचलतो. उंच केलेल्या जीपला किंवा रुतलेल्या गाडीला तो उपयोगी पडतो. पण त्याचे बूड लहान, त्यामुळे तो बाजूला कलतो. दांडा हातातून सुटला तर उसळून तोंडावर बसतो. भरल्या ट्रॉलीला तो लावूच नये.

उंची मोजा

दुकानात जाण्यापूर्वी घरी टेप लावा. हवा भरलेली असताना एक्सलखाली किती जागा आहे आणि टायर बसल्यावर किती उरते, ही दोन्ही मापे घ्या. समजा, ती 40 व 30 सेंमी आहेत. खाली 5 सेंमी जाडीची फळी घातली तर जॅकला 25 सेंमी उरले. 23 सेंमी उंचीचा जॅक आत जाईल. वरचा स्क्रू 2 सेंमी फिरवून एक्सलला टेकवा. दट्ट्या 13 सेंमी उचलत असेल, तर एक्सल 43 सेंमीवर जाईल. नवे चाक बसायला 3 सेंमी मोकळे मिळाले.

पण फळी 3 सेंमी जमिनीत दबली तर हिशेब बिघडला! अशा वेळी एक्सलखाली भक्कम ठोकळे रचून भार त्यांवर घ्यावा, जॅक उतरवून त्याखाली आणखी फळी घालावी आणि पुन्हा उचलावे. दट्ट्या ताणून ताणून चाक बसवू नये.

जॅक एक्सललाच लावावा. चासीला लावला तर आधी पाटे सैल होतात, चाक जागचे हलत नाही आणि निम्मी उंची वाया जाते.

बूड आणि जमीन

जॅकचे बूड 12 सेंमी चौरस धरले तर क्षेत्र 144 चौ. सेंमी. 3 टन भार आला की प्रत्येक चौ. सेंमीवर सुमारे 21 किलो! ओल्या काळ्या रानात तो घुसणारच. त्याखाली 45 सेंमी चौरस, बाभळीची जाड फळी घातली तर हाच दाब दीड किलोवर येतो. पातळ फळी मधोमध वाकते, तिचा उपयोग नाही. मऊ रानात असाल तर ट्रॉली हळूहळू कठीण जागेवर घ्या. टायर गेला तर टायर जाईल, माणूस वाचेल.

चाक बदलताना

1. ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडू नका. ब्रेक लावा, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा.
2. नट आधी, चाक जमिनीवर असतानाच ढिले करा.
3. उचलल्याबरोबर एक्सलखाली ठोकळे द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जाऊ नये.
4. नट समोरासमोरचे आवळा. थोडे अंतर गेल्यावर पुन्हा आवळा.
5. रात्री मागे दिवा व लाल परावर्तक दिसतील असे ठेवा. काम झाल्यावर दगड रस्त्यात सोडू नका.

बाटली जॅकमध्ये जॅकचेच तेल घाला, जळके इंजिन ऑइल नको. दट्ट्या खाली बसवून जॅक उभा ठेवा. हंगामापूर्वी भार देऊन पाहा. थांबवल्यावर दट्ट्या आपोआप खाली येत असेल तर वॉशर बदलून घ्या.

जॅक, फळी, दोन ठोकळे आणि पाना हे साहित्य प्रत्येक ट्रॅक्टरवर असावे. वाहतूक सुरू होण्यापूर्वी चालकाला हे एकदा समोर करून दाखवावे, ही विनंती.